खेळाच्या मशीनचा कॉम्प्युटर

माझं माहेर डिचोलीचं आणि सासर पेडण्याचं. सासरी आले तेव्हा मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली होते. आमच्या कॉलेजातल्या एका सरांचा लिनक्सवर फार जीव. लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरांवर त्यांनी तेच घातलेलं, आणि एखादा अडून बसला की दुरुस्तीला मला बसवायचे. काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं वाचत बसायला बाकीच्या मुली कंटाळायच्या, मला मात्र तेव्हाच खरी मजा यायची. लग्नानंतर या विद्येचं काय करणार असं मला कोणी विचारलं नाही, कारण घरात कॉम्प्युटरच नव्हता.

सासरे तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. सासूबाई घर आणि काजूची बाग बघायच्या. माझे यजमान रोज मोटारसायकलने डिचोलीकडच्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये जायचे. आणि धाकटा दीर, ज्याच्याबद्दल हे सगळं आहे, तो बोटीवर होता.

होता असं म्हणायचं कारण मी घरात आले त्याच वर्षी तो कायमचा परत आला. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात बोट बांधताना दोर तुटला आणि त्याच्या उजव्या हातावर बसला. हात वाचला, पण बोटं आखडली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट थोडं हलायचं, बाकीची तळहाताकडे वळून राहिलेली. तिशीही न गाठलेला माणूस. सकाळी पोदेराची घंटा वाजली की पाव आणायला बाहेर जायचा, आला की खिडकीशी, आमच्या भाषेत जनेलाशी, कदेल म्हणजे खुर्ची ओढून बसायचा तो जेवणापर्यंत. कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचा, पण आपणहून बोलायचा नाही.

अपघाताच्या आधीच्या सुट्टीत त्याने सिंगापूरहून व्हिडिओ गेमचा कन्सोल आणला होता. काळा, चकचकीत, पेटीएवढा जड. त्यावर तो मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळायचा आणि वाड्यावरचे त्याचे दोस्त भोवती कोंडाळं करून बसायचे, असं सासूबाई सांगायच्या. परत आल्यावर त्याने एकदाच तो लावला. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. खेळाचं ते बटणांचं यंत्र दोन्ही हातांनी धरावं लागतं. त्याची गाडी पहिल्याच वळणावर भिंतीला आपटली. पुन्हा सुरू केली, पुन्हा आपटली. मग त्याने टीव्ही बंद केला, कन्सोलवर टॉवेल घातला आणि तो टीव्हीच्या मेजाखाली ढकलून दिला. त्यानंतर त्याला कोणी हात लावला नाही. झाडू मारतानासुद्धा मी त्याला वळसा घालायची.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार झाला की मी बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत थोडा वेळ बसायची. नोकरीच्या जाहिराती बघायची, कॉलेजच्या सरांना मेल करायची. एकदा काहीतरी भलतंच वाचता वाचता मी एका पानावर थबकले. आमच्या मेजाखाली टॉवेल पांघरून बसलेल्या त्या कन्सोलवर लिनक्स घालता येतं, असं तिथे लिहिलं होतं. चोरून, मोडतोड करून नाही. बनवणाऱ्यांनीच सेटिंगमध्ये तशी सोय ठेवली होती: दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम घाला. मी ते पान दोनदा वाचलं. पिशवीतली भाजी मांडीवर, बाहेर पेडण्याच्या बसचा कंडक्टर ओरडत होता, आणि माझं लक्ष नव्हतं. ती बस गेली.

घरी आल्यावर मी दिराशी बोलले. आमच्या घरातलं बोलणं कोकणी आणि मालवणी यांच्या मधलं. माझी वाक्यं मी इथे पुस्तकी करून लिहिते, त्याची मात्र तशीच ठेवते, नाहीतर तो मला ओळखीचा वाटत नाही.

"भावजी, त्या मशीनचा कॉम्प्युटर करता येईल."

त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. "वयनी, खेळण्याचो कॉम्प्युटर कसो होतलो?"

"आत प्रोसेसर आहे, मेमरी आहे, हार्ड डिस्क आहे. कॉम्प्युटरमध्ये आणखी काय असतं? फक्त त्याला आपण दुसरं काम सांगायचं."

"आणि माझे खेळ?"

ही गोष्ट मला लपवायची नव्हती. "डिस्कचे भाग पाडावे लागतात. पाडताना आधीचं सगळं पुसलं जातं. तुम्ही जिंकलेल्या शर्यतीसुद्धा."

त्याने कदेल जनेलाकडे आणखी ओढलं. मीही विषय वाढवला नाही. दुसऱ्या दिवशी मी मागच्या दारी नारळ सोलत होते, तेव्हा तो आपणहून आला आणि उभा राहिला.

"कीबोर्ड एका हातान येता?"

"सवय केली की येतो."

"मग पूस."

कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर लिनक्सची डीव्हीडी फुकट यायची. यजमानांनी ती वर्कशॉपमधल्या कुणाकडून तरी मिळवली. मी मोठ्या तोऱ्यात ती कन्सोलमध्ये घातली, सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं, आणि काहीही झालं नाही. पडदा काळा तो काळाच. सासूबाई थोडा वेळ थांबल्या आणि भात लावायला उठून गेल्या. पुढच्या शुक्रवारी कॅफेत मला चूक कळली. साध्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरसाठी तयार केलेली डीव्हीडी या मशीनला कळतच नव्हती. याचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा, त्याला त्याच्या जातीची डीव्हीडी पाहिजे. ती इंटरनेटवर होती, पण म्हापशाच्या कॅफेतल्या कनेक्शनवर ती उतरवायला बसले असते तर पुढचा पावसाळा आला असता.

मी हे घरी सांगितलं ते हरल्यासारखंच सांगितलं. दीर ऐकत होता.

"नाव काय तिचा? सगळा नीट सांग," तो म्हणाला.

मी सांगितलं. त्याने ते पाठ केलं, खरंच पाठ केलं, दोनदा म्हणून दाखवलं, आणि घरातल्या फोनवरून एका जुन्या सोबत्याला फोन लावला. तो सोबती अजून बोटीवर होता. पुढच्या बंदरात फास्ट इंटरनेट मिळतं, उतरवून घेतो, म्हणाला. त्याची बोट खनिज न्यायला मुरगावला येणार होती. डीव्हीडी मुरगाव बंदरात येऊन घेऊन जायची, एवढंच काम राहिलं.

एवढंच म्हणायला. परत आल्यापासून दीर बंदराकडे फिरकला नव्हता. बोटीवरचं कोणी भेटायला येतो म्हणालं तर तो काहीतरी सबब सांगायचा. यजमान मला हळूच म्हणाले, "मी जाऊन आणतो." मी म्हटलं, "नको, त्यांनाच विचारा." विचारायची वेळ आली नाही. बोट मुरगावला लागली त्या दिवशी सकाळी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाला. शर्टाचं मनगटावरचं बटण लावायला तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी लावून दिलं. "येतंय गो," असं आईला सांगून पहिल्या बसने गेला.

संध्याकाळी आला तेव्हा उन्हाने रापलेला होता आणि त्याच्या अंगाला डिझेलचा वास येत होता. सोबत्यांनी त्याला सोडलंच नव्हतं, कॅप्टनपर्यंत नेऊन जेवायला घातलं होतं. खिशातून त्याने कागदात गुंडाळलेली डीव्हीडी आणि एक पेन ड्राइव्ह काढला. "हेच्यात ती ल्हान फाइल आसा, मशीन सुरू करूची. तू सांगलेलंस ना, ती पण लागतली म्हणान." मी सांगितलं होतं, पण ओघात, एकदाच. मी स्वतःच तिला विसरले होते.

रविवारी सकाळी आम्ही बसलो. घरात टीव्ही एकच, जुना, फुगीर काचेचा, आणि त्या दिवशी क्रिकेटची मॅच. सासरे आधी कुरकुरले, मग शेजाऱ्यांकडे मॅच बघायला गेले, आणि दर थोड्या वेळाने स्कोअर सांगायच्या निमित्ताने परत येऊन आमचं कुठवर आलं ते बघून जायला लागले.

मी कीबोर्ड घेऊन जमिनीवर बसले, दीर शेजारी. डिस्कचे भाग पाडायचा पर्याय मी काढून दिला. पडद्यावर इशारा आला की या डिस्कवरचं सगळं कायमचं पुसलं जाईल. मी बटणांचं यंत्र त्याच्यासमोर धरलं. "हे तुम्ही दाबा." त्याने डाव्या अंगठ्याने पर्याय सरकवला, आणि होय म्हणायचं बटण उजव्या बाजूला होतं म्हणून आखडलेल्या हाताच्या त्या एका हलत्या बोटाने ते दाबलं. मला वाटलं होतं तो थांबेल, पण तो थांबला नाही.

मग पेन ड्राइव्हवरची फाइल आत गेली. पुढच्या वेळी सुरू होताना दुसऱ्या सिस्टिमने सुरू हो, असं मशीनला सांगितलं. ते बंद झालं, पुन्हा लागलं. नेहमीचा तो संगीताचा आवाज आला नाही. काळा पडदा आणि वरच्या कोपऱ्यात दोन पेंग्विन, शेजारी शेजारी.

सासूबाई पदराला हात पुसत आल्या. "ह्ये कसले पक्षी?"

"आई, हे लिनक्सचं चित्र. आलं म्हणायचं ते."

"दोन दोन कित्याक?"

दोन का, हा प्रश्न मला आवडला, कारण उत्तर मला माहीत होतं. प्रोसेसर एकाच वेळी जितकी कामं अंगावर घेऊ शकतो तितके पेंग्विन दिसतात. सासूबाईंनी ते मान हलवून ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासारखो. एका चुलीर भात, एका चुलीर हुमण." माझ्या सरांनी हे याहून बरं समजावलं नसतं.

पुढचं सोपं नव्हतं. आमच्या टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या जायच्या, त्यामुळे प्रत्येक ओळीची सुरुवातीची अक्षरं काचेच्या बाहेर. मशीन काय विचारतंय ते अर्ध्या शब्दांवरून ओळखावं लागायचं. दीर पडद्याला नाक लावून मोठ्याने वाचायचा, राहिलेलं अक्षर मी पुरवायची, आणि टाइप करायची. बोटीवर तपासणी करताना एकजण वाचतो आणि दुसरा करतो, तसं तो वाचत होता. माझं टाइप करून झालं की "झाला?" असं विचारायचा आणि मी "झालं" म्हटल्याशिवाय पुढची ओळ वाचायचा नाही. इतक्या महिन्यांत मी त्याचा इतका आवाज ऐकला नव्हता.

लिनक्सचे तुकडे, म्हणजे पॅकेजं, भराभर चढत होती, पडद्यावरची पट्टी निम्म्याच्या पुढे गेली होती, आणि लाइट गेली.

मी डोकं धरलं. आत काय अर्धवट राहिलं असेल, मशीन पुन्हा सुरू होईल की नाही, मला काही सांगता येईना. दुसऱ्याची वस्तू, त्यातलं जे होतं ते तर आपण पुसून बसलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण तो म्हणाला, "वयनी, बोटीर इंजिन बंद पडला तर कोण रडत बसना नाय. परत चालू करतत." मग उठून त्याने डाव्या हाताने मेजावरची किटली उचलली आणि मला चहा ओतून दिला.

लाइट दुपारी आली. आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी वाचायला अडलं नाही, त्याला प्रश्नांचा क्रम तोंडपाठ झाला होता. पडद्यावर ओळ यायच्या आधीच तो सांगायचा, आता पासवर्ड विचारतला, आता वेळ विचारतली. चित्राचा आकार बदलायचा एक आकडा मी कॅफेतून टिपून आणला होता, तो दिल्यावर कडासुद्धा आत आल्या. उन्हं उतरायला लागली तेव्हा टीव्हीवर निळा पडदा उभा राहिला, मधोमध एक बाण, आणि माउस हलवला की तो बाण हलला.

मी दिराकडे बघितलं. तो बाणाकडे बघत होता. त्याने माउस आपल्या डाव्या बाजूला ओढून घेतला आणि बाण पडद्याच्या चारी कोपऱ्यांत फिरवून आणला.

सासरे मॅच संपवून आले. सुरुवातीच्या पडद्यावर भाषा निवडायची सोय होती. मी यादी उघडली आणि खाली खाली गेले. तिथे देवनागरीत लिहिलं होतं: मराठी.

सासरे कदेलावरून उठले. आमचं वेगळं राज्य व्हायच्या आधीच्या राजभाषेच्या वादात ते मराठीच्या बाजूने मोर्चात गेलेले, आणि सासूबाईंचा भाऊ कोकणीच्या बाजूने. त्यापायी दोन घरांत काही वर्षं गणपतीचं जाणंयेणं बंद होतं. ते पडद्याजवळ गेले, चष्मा वर केला आणि तो एक शब्द वाचला. "परदेशातल्या मशीनवर?" त्यांनी मला विचारलं.

"हो. पुण्याकडच्या, मुंबईकडच्या लोकांनी आपला वेळ देऊन भाषांतर केलंय म्हणे."

"बघ," ते सासूबाईंना म्हणाले.

सासूबाईंनी यादी निरखली. "आणि कोंकणी खंय आसा?"

ती नव्हती. सासऱ्यांनी चष्मा खाली घेतला. दीर हसला. मी त्या घरात त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं. "आई, अक्षरां तीच. तू सांग, मी कोंकणीतसून लिवतंय." आणि त्याने लिहिलं. मी कीबोर्डवरच्या कळा दाखवत गेले, तो एका बोटाने दाबत गेला. सासूबाईंनी सांगितलेलं पहिलं वाक्य होतं, जेवण निवता, उठात. टीव्हीभर मोठ्या अक्षरांत ते दिसत होतं आणि आम्ही कोणी उठत नव्हतो.

त्यानंतर आमच्या टीव्हीच्या वेळा ठरल्या. सकाळ दिराची, संध्याकाळ मालिकांची. तो रोज टाइप करायला बसायचा. सुरुवातीला पावाबरोबरचा चहा निवेपर्यंत एक ओळ व्हायची. मग डावा हात सगळा कीबोर्ड फिरायला शिकला आणि उजव्या हाताचं ते बोट स्पेसबारवर राहायला लागलं. मी त्याला फाइली कशा ठेवायच्या, हिशेबाचे तक्ते कसे करायचे, काही बिघडलं तर काळ्या पडद्यावर जाऊन काय विचारायचं ते शिकवलं. मशीन संथ होतं. एखादी खिडकी उघडायला सांगून तो पाणी पिऊन यायचा. पण आपणच घातलेली सिस्टिम बिघडली तर आपणच दुरुस्त करायची, हे त्याला आवडलं. बोटीवर तेच करायचे, म्हणायचा.

मला पेडण्याच्या जवळच्या एका हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवायची नोकरी मिळाली ती यानंतर. मुलाखतीला पणजीहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "घरी कुठला कॉम्प्युटर वापरता?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "गेमचा? थांबा, नीट सांगा. बूट कसा केलात?" मी सांगत गेले, त्या पुढचं पुढचं विचारत गेल्या, आणि समितीतले बाकीचे लोक घड्याळं बघत राहिले. उठताना त्या म्हणाल्या, "माझ्या मुलाला मी हे सांगणार आहे." बाहेर आले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. बसची वाट न बघता मी घरापर्यंत चालत आले.

काही वर्षांनी घरी इंटरनेट आलं, आणि त्याच सुमारास कन्सोल बनवणाऱ्यांनी एक अपडेट काढलं. ते घेतलं की दुसरी सिस्टिम घालायची सोयच जाणार होती. न घेतलं तर इंटरनेटवरचे खेळ बंद. मी दिराला ते समजावून सांगितलं. आता बोटं बरीच मोकळी झाली होती, हळूहळू एखादा खेळ त्याला जमला असता. त्याने विचार करायलाही वेळ घेतला नाही. "नको म्हणान सांग तेका," म्हणाला. त्या मशीनला आम्ही पुन्हा इंटरनेट दाखवलंच नाही.

तोपर्यंत त्याला मुरगावला एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात काम मिळालं होतं. कुठली बोट कधी येणार, कुठला माल कुठल्या धक्क्यावर, बोटीपर्यंत माल नेणाऱ्या किती बार्जी लागणार, हे सगळं कॉम्प्युटरवर जुळवायचं. बोटीवर काम केलेला आणि कॉम्प्युटर जाणणारा माणूस त्यांना हवाच होता. अर्ज त्याने आमच्या टीव्हीवर बसून स्वतः टाइप केला होता. मी फक्त वाचून बघितला, एकाही शब्दाला हात लावावा लागला नाही.

एकदा शाळेच्या कामासाठी मी त्या बाजूला गेले होते, म्हणून त्याच्या ऑफिसात डोकावले. तो खिडकीशी बसला होता, पाठमोरा. खाली धक्क्यावर लाल धुळीत बोट उभी होती. त्याचा डावा हात कीबोर्डवर असा चालला होता की मी दारातच थांबले. शेजारच्या मेजावरचा माणूस त्याला काहीतरी विचारायला उठून आला, आणि याने न बघता उत्तर दिलं. मग त्याने मला पाहिलं. उठला, मला कदेल दिलं, आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ही माझी वयनी. गेमच्या मशीनार हिणा लिनक्स घातलो."

"गेमच्या मशीनार? कित्याक?" त्या माणसाने विचारलं.

दिराने माझ्याकडे पाहिलं. त्याला सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि ते सगळं मला ठाऊक होतं.

"घरात ताच एक मशीन व्हता," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी चहा सांगायला गेला. मी तिथे बसून राहिले. लोक माझ्याकडे वळून बघत होते, आणि मी बघू दिलं.